वकिली चालू ठेवून माढ्यातून लोकसभा: सनद, सूचक आणि रेल्वेचं पॅनल

सातरस्ता: सोलापूर जिल्हा न्यायालयात वकिली, मतदार यादीत नाव सोलापूर शहर उत्तर विधानसभेत. सोलापूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव, म्हणून माढ्यातून अपक्ष लढायचंय. रेल्वेच्या वकील पॅनलवर नाव आहे. सनद (वकिलीचा परवाना) परत करावी लागते का? अर्ज बाद कशाने होतो?

कोर्ट_आवार: सनदेला हात लावू नका. अश्विनीकुमार उपाध्याय प्रकरणात २५ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय: बार कौन्सिलचा नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करू देत नाही, पण खासदार म्हणजे असा पगारी नोकर नव्हे. निवडून आल्यावरही वकीलपत्र दाखल करता येतं. मंत्री झालात तर वकिली थांबवावी लागेल.

खरा धोका पॅनलचा. महादेव विरुद्ध शांतिभाई खटल्यात रेल्वे पॅनलवरची नेमणूक लाभाचं पद (सरकारकडचं असं पद, जे असताना उमेदवार अपात्र ठरतो) ठरली होती. कांता कथुरिया खटल्यात (१९६९) एकाच प्रकरणापुरता नेमलेला विशेष सरकारी वकील त्यातून सुटला. तुमची नेमणूक कायमस्वरूपी दिसते. राजीनामा द्या आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय अर्ज भरू नका. नुसती पोच पुरेशी नाही.

पार्कचौक: अपक्षाला १० सूचक (उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार) लागतात आणि दहाही जण माढा लोकसभेचेच मतदार हवेत. कोर्टातले शहरवासी मित्र इथे कामाचे नाहीत. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस, फलटण, माण या सहा विधानसभांतून माणसं घ्या. सूचक कुठल्या तालुक्याचा यावर जाऊ नका, मतदारसंघ बघा. पंढरपूर तालुक्यातली काही गावंही माढा लोकसभेत येतात. प्रत्येकाचा यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीशी ताडून बघा. आकडा चुकला तर दुरुस्त होतो, बाहेरचा सूचक दुरुस्त होत नाही. अंगठा लावणारा सूचक असेल तर त्याला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर न्या. दोन-तीन सूचक जास्तीचे घ्या, आणि चार संचांपर्यंत अर्ज भरता येतात तेही विसरू नका. अनामत एकदाच लागते.

तुमचं नाव दुसऱ्या मतदारसंघात आहे, म्हणून यादीतल्या त्या नोंदीची प्रमाणित प्रतही जोडावी लागेल.

कोर्ट_आवार: अनामत २५,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींना १२,५००), रोख किंवा कोषागारात चलनाने. चेक चालत नाही. नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा नको, ‘निरंक’ लिहा. अर्ज दिल्यावर उमेदवाराची शपथ छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्या. ही शपथ वकीलही विसरतात! खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा.