उंब्रजजवळ मीटरमधले सगळे दिवे एकदम लागले. पुढच्या शुक्रवारी सांगली ते उज्जैन. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलू का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक, २०१७ चं मॉडेल, ९२,००० किमी. स्टेअरिंग इलेक्ट्रिक. बॅटरी ४५ एएच (अँपिअर-तास), साडेतीन वर्षांची. जादा फिटिंग म्हणजे डॅशकॅम आणि दोन फॉगलाइट.

लक्षण असं: संध्याकाळी एसी, हेडलाइट आणि वायपर चालू असताना उंब्रजला सेवा रस्त्यावर हळू वळताना बॅटरी, स्टेअरिंग, एबीएस आणि एअरबॅग असे चारही दिवे एकदम लागले. स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. इंजिन बंद पडलं नाही. आठ-दहा सेकंदांत सगळं पूर्ववत. कराडपासून सांगलीपर्यंत काही नाही. सकाळचा पहिला सेल्फ मात्र महिनाभर जड ओढतोय.

स्कॅनरवर दोन कोड आले: पी ०५६२ आणि यू ०१२१. एका गॅरेजमध्ये ईसीएम गेलाय असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून पाहिलं, गाडी चालू राहिली म्हणून अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा) चांगला असा निकाल दिला.

मल्टिमीटर थेट बॅटरीला लावून घेतलेले आकडे: रात्रभर उभी राहिल्यावर १२.३ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.६, आयडलला (इंजिन चालू, एक्सलरेटर न दाबता) १४.२, सगळं चालू केल्यावर १२.९.

पुणे, नाशिक, धुळे, इंदूर असा ९०० किमीच्या आसपासचा प्रवास आहे, सोबत वयस्कर माणसं आहेत. नेमकं काय तपासू? आणि वाटेत पुन्हा असं झालं तर काय करायचं?

घाटवाट

साडेतीन वर्षं म्हणजे बॅटरीचं आयुष्य झालंच. आधी ती बदला, बाकीचं नंतर.

तारजोड

बॅटरी लगेच बदलू नका, आणि ईसीएमला तर हातच लावू देऊ नका. स्टेअरिंग, एबीएस आणि एअरबॅग यांचे मॉड्यूल वेगवेगळे आहेत, तिन्ही एकाच सेकंदाला बिघडत नाहीत. तिघांत सामाईक काय, तर बारा व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग. कोडही तेच सांगतात. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी पडलं. यू ०१२१ म्हणजे इंजिनच्या ईसीएमचं एबीएसशी बोलणं तुटलं. ईसीएमचं अर्थिंग बहुतेक गाड्यांत इंजिनवर असतं आणि एबीएसचं बॉडीवर. दोन्हींच्या पातळीत फरक पडला की दोघेही शाबूत असून एकमेकांचं ऐकू येत नाही.

उंब्रजलाच का? गाडी जवळजवळ उभी असताना चाकं वळवली की स्टेअरिंगची मोटर क्षणभर ५० अँपिअरच्या पुढे ओढते. त्यात रेडिएटरचा पंखा, ब्लोअर, हेडलाइट, आणि इंजिन आयडलला. सगळ्यात जास्त ओढ आणि सगळ्यात कमी पुरवठा एकाच जागी आले.

तुमच्या आकड्यांत एक गोष्ट ठळक आहे. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.६ टिकतात, ९.६ च्या वर म्हणजे बॅटरी तग धरते. तरी सेल्फ जड. मग मधले व्होल्ट जातात कुठे? वायरीत. नवी बॅटरी घातली तर महिनाभर लक्षण झाकलं जाईल आणि नेमकं धुळ्याच्या पुढे वर येईल.

आता मोजा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. इंजिन १,५०० आरपीएमला, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू.

काळी सुई बॅटरीच्या मायनस खांबावर, म्हणजे शिशाच्या गोल खांबावर, क्लॅम्पवर नाही. लाल सुई अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर. ०.१ च्या आत हवं, ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंग खराब. मग लाल सुई बॉडीवर, सस्पेन्शनच्या वरच्या बोल्टला लावून तेच मोजा. शेवटी प्लसची बाजू: अल्टरनेटरच्या जाड वायरीचा बोल्ट ते बॅटरीचा प्लस खांब, ०.३ च्या आत. तो बोल्ट कायम जिवंत असतो, तिथे सुईशिवाय काही नेऊ नका. पाना बॉडीला टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं.

मायनसचं मोजमाप सेल्फ मारतानाही घ्या. फ्यूएल पंपचा फ्यूज काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि चार-पाच सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका.

खांबांतला_करंट

इंजिन चालू असताना टर्मिनल काढणं कुणालाही करू देऊ नका. कार्ब्युरेटरच्या काळातली सवय आहे ती. बॅटरी हा मोठा धक्काशोषक असतो. तो निघाला की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर ४० च्या पुढे उसळू शकतं आणि ते थेट ईसीएम, एअरबॅग आणि मीटरमध्ये शिरतं. चांगला ईसीएम खरोखर मरतो तो अशा तपासणीत.

तुमच्याकडे हे झालंय, तेव्हा अल्टरनेटरचे डायोड (एसी करंटचा डीसी करणारे भाग) तपासाच. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, सुया बॅटरीच्या दोन्ही खांबांवर, लाइट-ब्लोअर चालू. ०.१ व्होल्टच्या आत उत्तम. ०.५ च्या वर गेलं तर डायोड गेला. एसीला फक्त २०० आणि ६०० चे पट्टे असलेल्या स्वस्त मीटरवर हे कळणार नाही, दोन व्होल्टचा पट्टा लागतो.

आणि कोड नोंदवून होईपर्यंत बॅटरी सोडू नका. बिघाड झाला तेव्हाचं व्होल्टेज आणि आरपीएम कोडसोबत साठलेलं असतं, बॅटरी सोडली की बऱ्याच गाड्यांत ते पुसलं जातं.

कृष्णाकाठ

आकडे घेतले. सगळं चालू असताना अल्टरनेटरवर १४.१, बॅटरीवर १२.९. मायनस खांब ते इंजिन ०.९५. मायनस खांब ते बॉडी ०.०६. प्लसची बाजू ०.२५. बॅटरीवर एसी व्होल्ट ०.०४. सेल्फ मारताना मायनस ते इंजिन २.८!

तारजोड

सापडलं. १४.१ मधून १२.९ गेले की १.२ उरतात, आणि ०.९५ अधिक ०.२५ म्हणजे तेवढेच. हिशेब पुरा जुळला. अल्टरनेटर देतोय, बॅटरीपर्यंत पोचत नाही. म्हणून बॅटरी महिनाभर अर्धपोटी आहे आणि रात्रीनंतर १२.३ दाखवते.

दोषी वायर: बॅटरीच्या मायनसपासून गिअरबॉक्सला जाते ती. पावसाळ्यात चाकाखालचा चिखल तिच्यावर उडतो. वरून काळी तुकतुकीत दिसेल. लगपासून (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीपासून) चार बोटांवर दाबून वाकवा, आत कुरकुर लागेल. आवरण चिरलं तर तांब्याच्या जागी हिरवी भुकटी निघते. नुसता लग घासून उपयोग नाही, ओल तारांतून आत चढलेली असते.

नवी वायर २५ चौरस मिमी तांब्याची घ्या, लांबी जुनीपेक्षा तीन-चार इंच जास्त, कारण इंजिन हलतं आणि ताठ वायर लगपाशी तुटते. लग हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नाही. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, लग थेट धातूवर बसवा, बोल्ट आवळा आणि मगच वरून व्हॅसलीन. आधी लावून मग आवळू नका. बॅटरी सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. दहाचा पाना पुरतो.

फॉगलाइटचं कनेक्शन कुठून घेतलंय तेही पाहा. हेडलाइटच्या वायरीला पीळ मारून काळी टेप गुंडाळली असेल तर ती काढून बॅटरीवरून स्वतंत्र रिले आणि १५ अँपिअरचा फ्यूज टाका. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. गाडी उसाच्या रानाकडेला लागत असेल तर वायरीवर उंदरांच्या दातांच्या खुणाही बघून घ्या.

घाटवाट

माझा सल्ला घाईचा होता. वाटेतल्या प्रश्नाचं सांगतो.

बॅटरीचा दिवा लागला आणि तसाच राहिला, तर आधी तापमानाचा काटा बघा. काही इंजिनांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर असतात. बेल्ट तुटला तर तिथेच थांबा, दोन किलोमीटरही नेऊ नका.

बेल्ट शाबूत असेल तर गाडी फक्त बॅटरीवर चालतेय. ४५ एएच पूर्ण भरलेली असली तरी कामाचे २५ ते ३० एएच धरा. दिवसा इंजिन, फ्यूएल पंप आणि अधूनमधून पंखा मिळून १२ ते १५ अँपिअर, म्हणजे दीड-दोन तास. रात्री हेडलाइट आणि वायपर मिळून २५, म्हणजे एक तास, तोही भरवशाचा नाही. एसी, ब्लोअर, म्युझिक, मोबाइल चार्जर बंद. इंजिन बंद करू नका, पुन्हा सेल्फला ताकद उरेलच असं नाही. साताऱ्यात असाल तर खंबाटकीच्या बोगद्यात शिरू नका, साताऱ्यातच अल्टरनेटर दाखवा. तसंच धुळ्यात, पुढचा बिजासन घाट अंधारात नको. राष्ट्रीय महामार्गावर बंद पडली तर १०३३ लावा, माणसं रेलिंगच्या पलीकडे उभी करा आणि त्रिकोण मागे बराच लांब ठेवा.

सोबत मीटर, १० (लाल), १५ (निळा), २० (पिवळा) चे दोन-दोन फ्यूज आणि जंप केबल. केबल तांब्याची, किमान १६ चौरस मिमी. जाड आवरणातली बारीक ॲल्युमिनियमची केबल सेल्फला पुरत नाही, नुसती तापते. जोडताना लाल तुमच्या प्लसला, मग दुसऱ्याच्या प्लसला, काळी त्याच्या मायनसला आणि शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या धातूवर. दुसरी गाडी पाच मिनिटं चालू ठेवून मगच सेल्फ. फ्यूज जळला तर त्याच अँपिअरचा, पुन्हा जळला तर मोठा टाकू नका, ती वायर कुठेतरी घासलीय.

कृष्णाकाठ

वायर बदलली. मायनस ते इंजिन ०.०४, सगळं चालू असताना बॅटरीवर १३.८. सेल्फ हलका झाला. आता बॅटरी ठेवू की बदलू?

तारजोड

चार-पाच अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर भरा. मग दहा-बारा तास काहीही न जोडता ठेवा. डॅशकॅमचा फ्यूज काढा, पार्किंग मोडवर तो रात्रभर ओढत राहतो. १२.६ दिसले तर बिनधास्त निघा. १२.४ च्या खाली राहिली तर सांगलीतच बदला, आणि गुरुवारपर्यंत थांबू नका, नव्या बॅटरीवर दोन दिवस गाडी गावात फिरू द्या.