मदत हवी आहे : योनीमुखाजवळ न दुखणारी गाठ, वय ४४

नमस्कार. मी भांडुपला राहते आणि नोकरीसाठी रोज लोकलने फोर्टला जाते. पाच आठवड्यांपूर्वी आंघोळ करताना योनीमुखाच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, आणि आता ती बोराएवढी झाली आहे. ती दुखत नाही, तापही नाही, पाळी नियमित आहे. मात्र बराच वेळ बसल्यावर तिथे काहीतरी रुतल्यासारखे वाटते.

केस काढल्यानंतर, विशेषतः पावसाळ्यात, मला पूर्वी दोनदा पुळ्या आल्या होत्या; पण त्या केसांच्या मुळाशी होत्या, ठणकत होत्या आणि आठवडाभरात बसल्या. ही गाठ कातडीखाली खोल आहे. केमिस्टने न पाहताच दिलेले मलम दोन आठवडे लावले, उपयोग झाला नाही. सासूबाई म्हणतात, "गळू असेल, शेक दे, फुटून जाईल." त्यांच्या पिढीने अवघड जागेची दुखणी अंगावरच काढली, त्यामुळे त्यांना मी दोष देत नाही, पण मला तसे करायचे नाही. चामखिळीसारखे काही असेल का, ही शंकाही मनात येते आणि ती कोणाजवळ बोलवत नाही. अशा गाठी कशामुळे होतात आणि मी कोणाकडे जावे?

प्रतिसाद :

ताई, तुम्ही सांगितलेली जागा बार्थोलिन ग्रंथीची वाटते; मलाही तिथेच गाठ झाली होती. योनीमुखाच्या दोन्ही बाजूंना ओलावा राखणारी एकेक लहान ग्रंथी असते, आणि तिची नळी बुजली की आतला द्रव साचून फुगवटा येतो, म्हणजे यात अस्वच्छतेचा किंवा कोणाच्या वागण्याचा दोष असतोच असे नाही. एचपीव्ही विषाणूमुळे येणारे चामखीळ कातडीवर, खडबडीत आणि बहुधा एकाहून अधिक असतात. त्वचेखाली घट्ट पांढरट पदार्थ साचून होणाऱ्या गाठी आणि चरबीच्या गाठीही असतात, पण कोणती कोणती हे हाताने तपासल्याशिवाय ठरत नाही.

तुमचे वय मात्र महत्त्वाचे आहे. चाळिशीनंतर तिथे नवी गाठ आली, तर क्वचित आढळणारा कर्करोग नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर तुकडा तपासायला पाठवण्याचा विचार करतात. हे त्यांना स्वतःहून विचारा. गाठ दाबू किंवा टोचू नका, कोमट पाण्याच्या टबात बसण्याने आराम पडतो. ती लाल होऊन ठणकू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा, कारण पू झाल्यास निचरा करावा लागतो. नुसती चीर दिल्यास ती पुन्हा भरू शकते, म्हणून माझ्या वेळी कडा शिवून तोंड उघडे ठेवले होते.

तुमचे ऑफिस फोर्टला आहे, तर सीएसएमटीजवळचे कामा रुग्णालय खास स्त्रिया आणि मुलांसाठीचेच आहे. सकाळी थोडे लवकर निघून स्त्रीरोग विभागाचा केसपेपर काढा, आणि गाठ कधी दिसली व किती वाढली हे कागदावर लिहून न्या, कारण तपासणीच्या टेबलावर संकोचाने मी अर्धे सांगायचे विसरले होते.