फिशटँकच्या पाण्यात करंट उतरतोय का, कसं तपासायचं?

मासोळी:
नमस्कार मंडळी, दोन फुटी टाकी आहे, गप्पी आणि मॉली. काल काच पुसायला हात घातला तर बोटाला जिथे विळीने कापलंय नेमकं तिथेच झिणझिण्या आल्या, चप्पल घालून परत बघितलं तर काहीच नाही. मासे मजेत फिरतायत. टेस्टर पाण्याला लावला तर बारीक पेटतो. फिल्टर, हीटर, एलईडी तिन्ही चालू असतात, घर जुनं आहे आणि मुलगी सारखी टाकीत हात घालते, रात्रभर झोप नाही मला. मीटर कुठला घेऊ आणि मोजू कसं?

अर्थिंगवाला:
ताई, आता हात घालून बघू नका, आणि मुलीला लांब ठेवा. चपलेमुळे करंटला जमिनीत जायला वाट मिळाली नाही, माशांनाही तसंच, त्यामुळे मासे ठीक म्हणजे पाणी ठीक असं धरू नका. टेस्टर नुसत्या इंड्यूस्ड व्होल्टेजवरही (जवळच्या वायर-मोटरमुळे पाण्यात उमटणारं, जोर नसलेलं व्होल्टेज) पेटतो. साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, एसीच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवा, एक प्रोब पाण्यात, दुसरा थ्री पिनच्या वरच्या मोठ्या भोकात. पण आधी त्या भोकात खरंच अर्थिंग आहे का बघा, फेज (करंट येणारी वायर) आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे, हे वायरमनकडूनच करून घ्या. मग एकेक प्लग काढत रीडिंग लिहा. नुसतं बटण बंद करू नका, प्लग उपसा, जुन्या बोर्डात कधी कधी स्विच न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) असतो, बटण बंद असलं तरी वस्तूत फेज राहतो.

शेवाळ:
+१. प्रत्येक वस्तू काढल्यावर थोडंथोडं उतरलं तर ते बहुतेक इंड्यूस्ड, मोटरच्या पंपामुळे २०-३० व्होल्ट सहज दिसतात आणि त्यामागे करंट नसतो. एकच काढल्यावर धाडकन पडलं तर चोर तोच. माझी पैज हीटरवर, पाणी बदलताना चालू राहिला आणि तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. आणि आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) बसवाच, ३० मिलीअँपियरचा. एमसीबीला (लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडणारा स्विच) एवढं लीकेज कळतसुद्धा नाही. टायटॅनियमचा ग्राउंडिंग प्रोब (टाकीचं पाणी अर्थिंगला जोडणारी सळई) लोक सुचवतील, पण आरसीसीबीशिवाय तो टाकला तर उलट पाण्यातून करंट सतत वाहायला वाट करून देता.

मासोळी:
खूप खूप आभार दोघांचे. वायरमन येऊन गेले. हॉलच्या बोर्डात अर्थची वायर जोडलेलीच नव्हती!! मग स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन ओढून मोजलं. सगळं चालू असताना ११२, एलईडी काढल्यावर १०८, फिल्टर काढल्यावर ९७, हीटरचा प्लग उपसला आणि थेट ४. हीटर बाहेर काढून उजेडात धरला तर सक्शन कपच्या खाली केसाएवढी चीर, आत पाण्याचे थेंब. कप सरकवला नसता तर दिसलीच नसती. हीटर फेकला, आरसीसीबी आणि हॉलची अर्थिंग शनिवारी करतायत, तोवर टाकीला नुसता बॅटरीवरचा एअर पंप.

अर्थिंगवाला:
छान केलंत. आरसीसीबी लागला की त्याचं टेस्ट बटण तुमच्यासमोर दाबायला लावा, खटकन पडला पाहिजे. आणि वायर टाकीतून सरळ बोर्डात नेऊ नका, प्लगच्या खाली लोंबती ठेवा म्हणजे ओघळ तिथेच खाली पडेल.