लेक साडेतीन वर्षांची, डावा कान बंद. ऑपरेशन करून कानात बसवतात ते ऐकण्याचं मशीन, इम्प्लांट, करावं का?

रावेरची आई
दिवाळीत भावाचा फोन लेकीच्या डाव्या कानाला लावला, तर तिने तो उचलून उजव्याला धरला. तिसऱ्यांदा असंच झालं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जळगावला बेरा, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली. उजवा कान चांगला, डाव्याला ९० डेसिबलवरही प्रतिसाद नाही. घरचे म्हणतात, पोरगी पटपट बोलते, एक कान धड आहे, कशाला ऑपरेशन? पण केळीच्या बागेत तिचे पप्पा हाक मारतात तेव्हा ती जागच्या जागी गोल फिरते. आवाज कुठून आला तेच तिला उमगत नाही. घर बऱ्हाणपूर रस्त्याला लागून, केळीचे ट्रक रात्रंदिवस चालू. मला झोप येत नाही. कोणी एकाच कानासाठी कॉक्लियर इम्प्लांट केलंय का?

धुळ्याची ताई
आधी एमआरआय करा, मगच मशीनच्या किमतीचं बोला. आम्ही पैसे जमवायला लागलो होतो, आणि एमआरआयमध्ये कळलं की मुलाच्या त्या कानाची नसच नाही. नस नसेल तर इम्प्लांटचा आवाज मेंदूपर्यंत जाणार कसा? खूप रडले. पण वेळेवर कळलं.

ऑडिओलॉजिस्ट, जळगाव
ताईंचं खरं आहे. जन्मापासून एक कान बहिरा असलेल्या मुलांत नस बारीक किंवा गायब असणं बऱ्याचदा दिसतं. नस ठीक असेल तर मात्र फार थांबू नका, कारण मेंदू त्या बाजूचं ऐकणं लहानपणीच शिकतो. अमेरिकेत एका कानाच्या बहिरेपणासाठी इम्प्लांटला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, तीही ५ वर्षांपासून पुढच्यांना. त्या वयाआधी करायचं तर सर्जनशी नीट बोला. नुसतं ऑपरेशन पुरत नाही. चांगला कान सगळं काम ओढून घेतो, म्हणून रोज थोडा वेळ गोष्टी, गाणी थेट इम्प्लांटमध्येच सोडून ऐकवावी लागतात. क्रॉस मशीन डावीकडचा आवाज उजव्या कानात पोचवतं, पण त्याने दिशा कळत नाही. आणि अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतलं इम्प्लांट दोन्ही कानांनी बहिऱ्या मुलांसाठी आहे, तिच्यावर विसंबू नका.

रावेरची आई
सोमवारी एमआरआय ठरला. झोपेचं औषध देऊन करणार आहेत, उपाशी न्यायचं आहे. धुळ्याच्या ताई, मुलाला वर्गात कुठे बसवता?

धुळ्याची ताई
पुढच्या बाकावर, बहिरा कान भिंतीकडे. बाईंना दर जूनमध्ये मी स्वतः जाऊन सांगते. रस्त्यावर त्याचा हात मी त्याच बाजूने धरते.