अनुभव धागा: गार पाण्याने श्वास अडकला होता का?

मलप्रभाकाठचा
परवा खानापूरच्या पुलावरून जाताना नदी पाहिली आणि चाळीस वर्षांपूर्वीची पौषातली पहाट आठवली. थोरल्या चुलतभावाने पैजेवर डोहात उडी घेतली. तो वर आला खरा, पण त्याचे तोंड उघडे, छाती भात्यासारखी हलत होती, आणि पट्टीचा पोहणारा असूनही चार हातांवरचा खडक त्याला गाठता येत नव्हता. अज्जांनी बैलाचा कासरा टाकला, म्हणून तो वाचला. कासऱ्याभोवती आवळलेली त्याची बोटे नंतर एकेक करून सोडवावी लागली. इतक्या थोड्या वेळात असे कसे झाले असेल? आपलेही अनुभव लिहावेत.

माजी सैनिक, बेळगाव
गार पाणी अंगावर एकदम आले की मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणीच आत जाते. पहिली एक ते तीन मिनिटे धाप आवरत नाही, म्हणून तेवढा वेळ पोहण्याची धडपड न करता उताणे तरंगावे. गारठून शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जायला बर्फाळ पाण्यातही साधारण अर्धा तास लागतो. माणूस दगावतो तो पुष्कळदा त्याआधीच. लडाखमध्ये आमचा एक जवान ओढ्यात पडला होता. त्याचे ओले कपडे काढून त्याला आडवे ठेवून कोरड्या कांबळ्यात गुंडाळले, हातपाय चोळले नाहीत आणि रमही दिली नाही.

निपाणीची सून
काका, आमच्या विहिरीचे पाणी मात्र थंडीत कोमट लागते, पहाटे वाफाही दिसतात.

माजी सैनिक, बेळगाव
बरोबर आहे ताई, जमिनीखालच्या पाण्याला वरची थंडी सहसा लागत नाही.

मासळीवाली, खडेबाजार
आमची मासळी चोर्ला घाटातून येते, त्यामुळे समुद्राच्या गारव्याशी आमचे पोट बांधलेले आहे. पावसाळ्यात कर्नाटक-केरळच्या किनाऱ्याजवळ खोलातले गार पाणी वर येते. त्यातल्या अन्नद्रव्यांवर तारलीचे खाद्य वाढते. एरवी गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो: गोड्या पाण्यात ० अंशाला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. तरीही खोलातून आलेल्या या पाण्यात तो कमी असतो, कारण वरून गळणारा गाळ कुजताना तो खर्ची पडलेला असतो. मग तळाच्या माशांना तिथून हलावे लागते.

चिकोडीचा शेतकरी
शेततळ्यातले रोहू जानेवारीत खाद्याला तोंड लावत नाहीत. घातलेले तळाशी कुजते, म्हणून मी खाद्य निम्म्यावर आणतो.

निपाणीची सून
फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर हजारो समुद्री कासवे गारठून बधिर झाली होती. पाणी १० अंशांच्या खाली गेले की त्यांना हातपाय हलवता येत नाहीत आणि ती नुसती तरंगत राहतात. लोकांनी ती गाड्यांतून आणून एका सभागृहात ओळीने ठेवली. त्यांनाही सावकाशच ऊब द्यावी लागते. तो फोटो पाहून मला रडू आले होते.

मलप्रभाकाठचा
काल हे सारे भावाला वाचून दाखवले. तो म्हणाला, "कासरा दिसत होता रे, पण हाक मारायला छातीत हवाच नव्हती."