मदत हवी आहे : महबूबाबादजवळ रूळ वाहून गेले, बल्लारशाहून वेल्लोर कसं गाठायचं?

झरपट | सोमवार, २ सप्टेंबर २०२४, सकाळ

नमस्कार मंडळी. ऐन पोळ्याच्या दिवशी त्रास देतोय, पण काम घाईचं आहे.

बाबांना (वय ६८) हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी वेल्लोरला न्यायचं आहे. गुरुवारी, ५ तारखेला सकाळची वेळ मिळाली आहे. उद्या मंगळवारी संध्याकाळचं बल्लारशा ते काटपाडी (वेल्लोरचं जवळचं स्टेशन) तिकीट आहे. गाडी दिल्लीकडून येणारी, वरंगल-विजयवाडा मार्गे जाणारी. थर्ड एसी, दोन्ही बर्थ कन्फर्म. तिकीट खिडकीवरून काढलंय, कारण रुग्णाची सवलत ऑनलाइन मिळत नाही.

शनिवारी रात्रीच्या पावसात काझीपेट-विजयवाडा मार्गाची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच असेल. इंटकन्ने आणि केसमुद्रमच्या मध्ये रुळांखालची गिट्टी तर गेलीच, मातीही गेली. तिकडे विजयवाड्याजवळ बुडमेरू ओढ्याचं पाणी रायनपाडू स्टेशनात शिरलंय. इतकं सगळं होऊनही आमची गाडी मोबाइलवर 'वेळेवर' दिसते आहे. फोनवर विचारलं तर 'अजून माहिती आलेली नाही' म्हणतात.

उद्या गाडी जाईल असं धरून चालू का? तिकीट आत्ताच रद्द केलं तर पैसे वाचतील की बुडतील? आणि विजयवाडा टाळून वेल्लोरला जायचा दुसरा रस्ता कोणी केलाय का? बाबांना जिने चढवत नाहीत, आणि रात्रभर बसून प्रवास झेपणार नाही. नागपूर-चेन्नई विमानाचं दोघांचं भाडं पाहिलं आणि मोबाइल खाली ठेवला. तो पर्याय अगदीच शेवटचा.

तर्रीपोहे

भाऊ, काहून टेन्शन घेऊन राहिले? हॉस्पिटलला फोन लावा अन् तारीख पुढं ढकला. पाऊस का आपल्या हातात आहे? रेल्वे दोन दिवसांत करते सगळं दुरुस्त.

झरपट

फोन केला दादा. ही वेळ सोडली तर पुढची थेट ऑक्टोबरात. डॉक्टर म्हणतात, एवढं थांबू नका.

खिडकी क्र. ३

मी आरक्षण खिडकीवर बसून निवृत्त झालो, म्हणून आधी पैशाचं सांगतो. तिकीट स्वतःहून रद्द करू नका! लोक घाबरून हेच करतात. तुम्ही रद्द केलं की नेहमीची कपात लागते. रेल्वेने गाडी रद्द केली की पूर्ण भाडं परत मिळतं, एक रुपयाही कापत नाहीत. ई-तिकीट असतं तर पैसे आपोआप खात्यात आले असते. तुमचं खिडकीचं आहे, म्हणून गाडी सुटायच्या दिवसापासून तीन दिवसांच्या आत ते कुठल्याही आरक्षण खिडकीवर जमा करावं लागेल. तिकीट जपून ठेवा.

गाडी रद्द न होता वळवली, तरी वळवलेल्या रस्त्याने जायची सक्ती तुमच्यावर नाही. नाही जायचं तर परतावा मागता येतो. ई-तिकीटवाल्यांनी त्यासाठी ७२ तासांच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा दावा, भरायचा असतो. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही चढला नाहीत, तरीही पूर्ण भाडं मिळतं, फक्त गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी दावा केलेला हवा.

खरी गुंतागुंत एकदा गाडीत बसलात की सुरू होते. मध्येच गाडी थांबवली आणि रेल्वेला तुम्हाला पुढे पोचवता आलं नाही, तर सगळं भाडं परत. पण रेल्वेने बस किंवा दुसरी गाडी दिली आणि तुम्ही नाही म्हणालात, तर केलेल्या प्रवासाचे पैसे कापून बाकीचे मिळतात. म्हणून काय ते बल्लारशाच्या फलाटावरच ठरवा. वरंगलला पोचून नको.

पेंड्रोल

जायचं की नाही ते खिडकीवाले काका बरोबर सांगताहेत, घरूनच ठरवा. मी रुळांचं सांगतो. आयुष्य त्यातच गेलं.

तर्रीपोहे, 'दोन दिवसांत दुरुस्त' म्हणणं सोपं आहे. त्या भागात तलाव किती आहेत ते बघा. आपल्या भंडारा-गोंदियात मालगुजारी तलाव आहेत, तसे तिकडे काकतीयांच्या काळापासूनचे. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात. वरचे भरून वाहायला लागले की सगळं पाणी एकदम उतारावर येतं आणि रेल्वेच्या भरावाला अडतं. भरावातल्या मोऱ्या नेहमीच्या पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या असतात. तेवढ्यातून पाणी निघालं नाही की ते एका बाजूला चढत जातं आणि शेवटी रुळांवरून पलीकडे पडायला लागतं. गिट्टी म्हणजे सुटे दगड, ती पहिल्या फटक्यात जाते. मग पाणी जिथे पडतं त्या बाजूने माती कापली जाते. रूळ एकमेकांना वेल्ड केलेले, काँक्रीटचे स्लीपर त्यांना क्लिपांनी घट्ट धरलेले. म्हणून खालचं सगळं गेलं तरी रूळ तुटत नाही, स्लीपरसकट दोरीच्या शिडीसारखा लोंबकळत राहतो.

सगळ्यात धोक्याचं तेच. रूळ तुटला की त्यातून जाणारा विजेचा प्रवाह तुटतो आणि सिग्नल लाल होतो. लोंबकळणारा रूळ मात्र अखंड असतो. प्रवाह चालू, सिग्नल हिरवा. खाली जमीन नाही हे यंत्राला कळत नाही, कंदील घेऊन चालणाऱ्या गँगमनला कळतं. पावसाळ्यात रात्रीची गस्त त्यासाठी असते. एवढं सगळं वाहून गेलं आणि त्यात एकही गाडी पडली नाही, ही बातमी कुठे ठळक छापलेली मला तरी दिसली नाही.

दुरुस्ती अशी होते : आधी मोठे दगड आणि वाळूची पोती टाकून खड्डा भरतात, वर मुरूम दाबतात, मग गिट्टी, मग ती ठोकून बसवणारं टँपिंग मशीन. आधी रिकामं इंजिन नाहीतर मालगाडी नेऊन बघतात. प्रवासी गाड्या सुरू झाल्या तरी पहिले काही दिवस त्या जागेवर कॉशन, म्हणजे माणूस पळेल इतपत वेग. त्यात अडकून पडलेल्या गाड्यांची रांग. उद्या रूळ चालू झाला असं ऐकलंत तरी तुमची गाडी वेळेवर धावेल असं समजू नका.

तर्रीपोहे

काका, शब्द मागे घेतला. पण वळवून नेतात ना? नलगोंड्याकडून जाते म्हणे.

पेंड्रोल

वळवतात. काझीपेटहून सिकंदराबादकडे, मग पगिडिपल्ली-नलगोंडा-गुंटूर. पण तो मार्ग बहुतेक एकेरी आहे. दुहेरी मार्गाच्या गाड्या एकेरीवर घातल्या की प्रत्येक स्टेशनावर समोरच्या गाडीची वाट बघत उभं राहायचं. हृदयाच्या पेशंटला मी त्या रांगेत घालणार नाही. दिल्लीच्या काही गाड्या नागपुरातूनच रायपूर-विजयनगरमकडे वळवल्या, तर त्या बल्लारशाला येणारच नाहीत, हेही डोक्यात ठेवा.

आणि तिकडचे कंट्रोलवाले पाणी म्हटलं की गाड्या थांबवतात, याचा राग मानू नका. सप्टेंबर १९५४ मध्ये काझीपेट-सिकंदराबाद मार्गावर जनगावजवळ पूल वाहून गेला आणि गाडी खाली गेली. सप्टेंबर १९५६ मध्ये महबूबनगरजवळ तेच. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी तेव्हाच राजीनामा देऊ केला होता. नेहरूंनी तो घेतला नाही. नोव्हेंबरात तमिळनाडूतल्या अरियलूरचा रेल्वे अपघात झाल्यावर मात्र शास्त्री पदावरून गेले. २९ ऑक्टोबर २००५ ला वलिगोंड्याजवळ तलाव फुटून रुळाखालचा भराव गेला आणि डेल्टा पॅसेंजर त्यात पडली. तो हाच नलगोंड्याचा मार्ग. या चारही अपघातांत शंभरावर माणसं गेली.

हुसेनसागर

झरपट, आमचं मूळ गाव वरोरा, पण हैदराबादला राहून बरीच वर्षं झाली. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे.

काझीपेटला दोन फाटे फुटतात. तुटलाय तो वरंगलच्या पलीकडचा, विजयवाड्याचा फाटा. तुम्ही दुसऱ्या फाट्याने सिकंदराबादला या. तेलंगणा आणि दक्षिण या दोन्ही एक्स्प्रेस बल्लारशाहून तशाच येतात. निघण्याआधी रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकावर विचारून मगच घर सोडा. सिकंदराबादला उतरून रिक्षाने काचीगुडा. तिथून रात्री व्यंकटाद्री एक्स्प्रेस सुटते. महबूबनगर, कर्नूल, गुत्ती, कडप्पा, रेणिगुंटा, तिरुपती करत सकाळी चित्तूरला संपते. विजयवाड्याचा संबंधच नाही. चित्तूरहून वेल्लोर टॅक्सीने तासाभराचं. चित्तूर-काटपाडी रूळही आहे, पण बाबांना घेऊन फलाट बदलत बसू नका, सरळ टॅक्सी करा.

व्यंकटाद्री काचीगुड्याहूनच निघते, म्हणजे उद्याच्या गाडीचं एसी तत्काळ आज १० वाजता उघडेल. हे वाचाल तेव्हा घड्याळ बघा. तेलंगणा मात्र दिल्लीहून आज निघणारी, तिचं तत्काळ कालच उघडून गेलं. बल्लारशा-सिकंदराबाद दिवसाचा प्रवास आहे, चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा मिळतात का पाहा. सिकंदराबादला व्हीलचेअर मिळते, आणि फलाटांना लिफ्ट आहेत.

झरपट | सोमवार, दुपार

हुसेनसागर दादा, १० ला बसलो आणि व्यंकटाद्रीच्या दोन जागा मिळाल्या. एक लोअर, एक अप्पर. सिकंदराबादपर्यंतचं मात्र वेटिंगच आहे. चंद्रपूरहून हैदराबादला खासगी स्लीपर बस आहे, पण राजुऱ्याकडे वर्धा नदीला पूर आहे म्हणतात. बस आज रात्रीच घ्यावी का?

तर्रीपोहे

बस नका घेऊ भाऊ. पूल पाण्याखाली गेला तर बाबांना घेऊन रात्रभर रस्त्यावर उभे राहाल. राजुऱ्याचं काही सांगता येत नाही, दरवर्षीचं आहे ते.

खिडकी क्र. ३

बल्लारशाला चार्ट लागल्यावर खिडकीवर करंटच्या, म्हणजे ऐनवेळी उरलेल्या, जागा विचारा. अशा वेळी निम्मे लोक प्रवास रद्द करतात, जागा निघतात. नाहीच निघाली तर टीटीईला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. माणूस आजारी आहे हे दिसलं की तो कुठेतरी बसवतोच. आणि मूळ तिकिटाची, दोन्ही बाजूंची, एक झेरॉक्स काढून ठेवा.

मोगरा

धागा सकाळपासून वाचतेय. औषधं, रिपोर्ट आणि ईसीजीची फाइल हातातल्या पिशवीत ठेवा हो, सुटकेसमध्ये नको. आमच्या सासऱ्यांच्या वेळी गाडी आडवाटेला उभी राहिली, आणि गोळ्या होत्या सीटखालच्या बॅगेत, तिच्यावर दुसऱ्यांच्या तीन बॅगा. पाणी, दशम्या, कोरडा चिवडा जवळ असू द्या. अशा दिवसांत गाडीतल्या जेवणाचा भरवसा धरू नका.

झरपट | मंगळवार, रात्र, काचीगुडा

दुपारच्या सिकंदराबादच्या गाडीत करंटच्या दोन जागा मिळाल्या. गाडी रखडत आली, पण आली. काझीपेटला विजयवाड्याचे बरेच लोक उतरून फलाटावरच बसले होते. त्यांना पुढचं कोणीच काही सांगत नव्हतं. बाबा म्हणाले, आपण उतरलो असतो तर? मोगराताई, दशम्या तिथेच वाटून संपल्या, समोर लहान पोरं होती.

आता व्यंकटाद्रीत बसलोय. लोअरवर बाबा झोपले.

झरपट | गुरुवार, ५ सप्टेंबर

काल चित्तूरला उतरून वेल्लोरला आलो. आज बाबांना आत घेतलं, तपासण्या चालू आहेत, शस्त्रक्रिया बहुधा पुढच्या आठवड्यात. सगळ्यांचे आभार, नावं घेत बसत नाही.

काल रूळ चालू झाला असं इथल्या फलाटावर ऐकलं. आता दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. आमचं मंगळवारचं मूळ तिकीट माझ्याकडेच आहे, ते इथे काटपाडीला जमा करता येईल, की बल्लारशालाच जावं लागेल? आणि परतीचं तिकीट २० तारखेचं आहे, विजयवाडा मार्गेच. ते ठेवू की बदलू?

खिडकी क्र. ३

गाडी रद्द झाली होती का, ते आधी १३९ वर पक्कं करा. रद्द असेल तर काटपाडीच्या आरक्षण खिडकीवर जमा होईल, बल्लारशाला जायची गरज नाही. पण तीन दिवसांची मुदत आहे. मंगळवारची गाडी, म्हणजे उद्याच दुपारच्या आत जा, शुक्रवारची गर्दी असते. गाडी वळवून गेली असेल तर खिडकीवरचा माणूस टीडीआरची पावती देईल. ती नीट ठेवा, दाव्याचा निकाल यायला वेळ लागतो.

पेंड्रोल

२० तारखेचं तिकीट ठेवा. रूळ कालपासून चालू आहे, पण नवा भराव अजून बसायचा आहे. गाड्या तिथे हळू जातात आणि एकेक करून सोडताहेत. २० पर्यंत वेग बराच वाढलेला असेल. फक्त निघायच्या आदल्या दिवशी वरंगल-खम्मम भागात पाऊस किती झाला ते बघा. जोराचा असेल तर पुन्हा चित्तूरचाच रस्ता धरा, आणि काचीगुड्याची तत्काळ जागा त्याच सकाळी १० ला काढून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर बाबांना अप्पर बर्थ चालणार नाही. त्यामुळे परतीच्या तिकिटात दोन्ही बर्थ कुठले आलेत ते आज बघा, आणि लोअर नसेल तर इथे लिहा.