मोरुरोआ: शिडाच्या होडीने अणुचाचणी अडायची तरी कशी?

वातकुक्कुट:
१९७२ मध्ये डेव्हिड मॅकटॅगर्ट 'वेगा' ही अवघी बारा-एक मीटरची शिडाची होडी घेऊन न्यूझीलंडहून प्रशांत महासागरातल्या मोरुरोआ या फ्रेंच बेटाकडे गेले, फ्रान्स तिथे हवेत करत असलेल्या अणुस्फोटांना विरोध करायला. एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. पण तिथे पोचून ते नेमकं करत काय होते? नौदलापुढे एवढीशी होडी म्हणजे चिलटच. तिच्यासाठी स्फोट का थांबावा? खोल समुद्रात नांगर लागत नाही, मग एका जागी राहायचं कसं? आणि जीपीएस नसताना आपण फ्रान्सच्या १२ मैलांच्या सागरी हद्दीबाहेर आहोत हे कळायचं कशावरून? भावनिक प्रतिसाद नकोत, तांत्रिक हवेत.

दर्यावर्दी:
होडी वाट अडवत नाही, वारा अडवते. मोरुरोआला बॉम्ब बऱ्याचदा फुग्याला टांगून वर नेत. स्फोटानंतरचा किरणोत्सारी ढग वस्तीच्या बेटांवर जाऊ नये म्हणून वेगवेगळ्या उंचीवरचे वारे अनुकूल होईपर्यंत थांबावं लागे. ढग ज्या दिशेने जाणार तिथेच माणसं असली, तर लष्करापुढे तीन पर्याय उरतात: चाचणी पुढे ढकलणं, होडी हुसकावणं, नाहीतर माणसं असतानाच स्फोट करणं. १९७२ मध्ये 'वेगा' त्या भागात असतानाही स्फोट झाले, हेही सांगितलं पाहिजे. हमखास उपाय नव्हे हा.

वाऱ्याचा हिशेब तज्ज्ञांचाही चुकतो. १७ जुलै १९७४ च्या 'सेंतोर' चाचणीचा ढग थेट वस्तीच्या ताहिती बेटावर गेला, आणि ताहिती तिथून बाराशे किलोमीटरवर आहे.

सेक्स्टंटवाला:
जागेवर राहण्याबद्दल. याला 'हीव्ह-टू' म्हणतात. पुढचं छोटं शीड उलट्या बाजूला ओढून बांधायचं, मोठं शीड आखडायचं आणि सुकाणू असं बांधायचं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळत राहील. पुढचं शीड नाळ वाऱ्यापासून ढकलतं, सुकाणू ती परत आणतं. या ओढाताणीत होडी जवळजवळ थबकते. जवळजवळच! तासाला मैलभर वाहिली तरी दिवसाला २४ सागरी मैल होतात. तिथले व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, म्हणजे होडी पश्चिमेला सरकत राहणार. ते अंतर वाऱ्याविरुद्ध नागमोडी शीड मारत परत कापायचं आणि मग पुन्हा थबकायचं. यात पहिला बळी दोराचा जातो: उलट ओढलेल्या शिडाचा दोर डोलकाठीच्या ताणतारेवर एकाच जागी घासतो. तिथे जुनं कापड किंवा चामडं गुंडाळायचं आणि दर काही तासांनी दोर वीतभर सरकवायचा. आळस केला तर वारा वाढल्यावर नेमका रात्री तुटतो.

आता ठिकाण. मोरुरोआ २२ अंश दक्षिणेच्या आसपास आहे आणि समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर. बारा मैलांवरून लहान होडीतून बेट दिसत नाही, सगळी भिस्त घड्याळावर आणि सेक्स्टंटवर, म्हणजे सूर्य-तारे क्षितिजापासून किती वर आहेत तो कोन मोजणाऱ्या यंत्रावर. कोनात एका मिनिटाची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक म्हणजे एक सागरी मैल. घड्याळात ४ सेकंदांची चूक झाली तर तिथे रेखांशात सुमारे ०.९ मैलाचा फरक पडतो, म्हणून रेडिओच्या वेळसंकेतावर घड्याळ रोज ताडायचं. डोळा पाण्यापासून २ मीटरवर असेल तर क्षितिज खाली दिसतं म्हणून मोजलेल्या कोनातून २.५ मिनिटं वजा करायची. वाचन मात्र होडी लाटेच्या माथ्यावर असतानाच घ्यायचं, नाहीतर पुढची लाटच क्षितिज म्हणून मोजली जाते. सगळं चोख करूनही लहान होडीत दोन-चार मैलांची चूक गृहीत धरावी. म्हणून १२ मैलांच्या हद्दीला चिकटून राहणं शहाणपणाचं नाही. आभाळ दोन दिवस भरलेलं असेल तर आणखी बाहेर सरकावं.

कलम_बारा:
सगळा खेळ शेवटी हे ठिकाण टिपून ठेवणाऱ्या होडीच्या नोंदवहीचा आहे. फ्रान्सने हद्दीबाहेरच्या खुल्या समुद्रातही बंदीक्षेत्र जाहीर केलं होतं, आणि वाद त्यावरच होता. १ जुलै १९७२ ला 'ला पेंपोलेज' या सुरुंगशोधक नौकेने 'वेगा'ला धडक दिली. मॅकटॅगर्ट पॅरिसच्या न्यायालयात गेले आणि १९७४ मध्ये निकाल लागला की धडक जाणूनबुजून दिली होती.

आधीचं प्रकरणही बघा. १९५८ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनेवेताक बेटावरच्या अमेरिकेच्या अणुचाचण्यांविरुद्ध अल्बर्ट बिगेलो 'गोल्डन रूल' ही शिडाची होडी घेऊन निघाले. जाणार हे आधीच जाहीर केलेलं, त्यामुळे अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने चाचणीक्षेत्रात शिरायला बंदी घालणारा नवा नियम काढला, होनोलुलूच्या न्यायालयाने मनाई केली आणि खलाशी ६० दिवस तुरुंगात गेले. त्याच बंदरात अर्ल रेनॉल्ड्स यांची 'फिनिक्स' होती. मनाईहुकूम त्यांच्यावर नव्हता. ११ जूनला ते निघाले आणि १ जुलैला रेडिओवर सांगून बंदीक्षेत्रात शिरले. तटरक्षकांनी अडवेपर्यंत ६५ मैल आत! शिक्षा झाली, पण १९६० मध्ये अपिलात ती रद्द झाली.

वातकुक्कुट:
वा, अगदी हेच हवं होतं. मग १९७३ ला न्यूझीलंडने युद्धनौका का पाठवली?

दर्यावर्दी:
'ओटॅगो'ला धडक देऊन ओढून नेता येत नाही, म्हणून. मंत्री फ्रेझर कोलमन स्वतः जहाजावर होते. 'वेगा'ची गत त्या वर्षीही वाईटच झाली: १५ ऑगस्टला फ्रेंच खलाशी होडीवर चढले आणि मॅकटॅगर्टना मारलं, त्यांच्या डोळ्याला जबर इजा झाली. बळ वापरलंच नाही असं फ्रान्स म्हणत राहिला, तोवर होडीवरच्या अ‍ॅन-मरी हॉर्न यांनी लपवून बाहेर काढलेले फोटो छापून आले. अशा मोहिमेत कॅमेरा दोन हवेत आणि वापरलेला रोल कॅमेऱ्यात ठेवायचा नाही.

कलम_बारा:
आणि १९७५ पासून स्फोट जमिनीखाली गेल्यावर वाऱ्याचा मुद्दाच संपला. १९९५ मध्ये ग्रीनपीसचे लोक रबरी बोटींनी थेट मोरुरोआच्या कड्याने वेढलेल्या खाजणातच घुसले, ते त्यामुळे.